विश्लेषण : एकाच रक्ताचे दोन रिपोर्ट, व्हिटॅमिन डीचा आकडा कोणता खरा?

एका लॅबच्या रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी १८, दुसरीकडे २३. पहिल्या रिपोर्टवर ठळक अक्षरांत 'कमतरता', दुसऱ्यावर तो शब्दच नाही. मग एक लॅब चुकली का? तसे असेलच असे नाही. दोघांनी काम नीट केले, तरी एवढा फरक पडू शकतो.

नेमके काय मोजतात?

उन्हातून किंवा आहारातून मिळालेल्या व्हिटॅमिन डीपासून यकृतात '२५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' तयार होते. रक्तात तेच मोजले जाते. त्याचे प्रमाण अत्यल्प, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असते. शिवाय ते प्रथिनाला घट्ट चिकटलेले असते. मोजण्याआधी ते सुटे करावे लागते आणि अडचण तिथूनच सुरू होते.

पद्धत बदलली की आकडा बदलतो?

बहुतेक लॅब इम्युनोअसे पद्धत वापरतात. रिपोर्टवर 'सीएलआयए' किंवा 'ईसीएलआयए' लिहिलेले असते. यात अँटिबॉडी किंवा तत्सम प्रथिनाच्या मदतीने व्हिटॅमिन डी पकडले जाते. प्रत्येक कंपनीचे किट वेगळे असते. काही किट डी२ हा प्रकार डी३ इतका नीट पकडत नाहीत.

'एलसी-एमएस/एमएस' ही पद्धत रेणूंच्या वस्तुमानावरून मोजणी करते. ती अधिक अचूक मानली जाते, पण तिथेही काळजी लागतेच. ही पद्धत वापरणाऱ्या अमेरिकेतील क्वेस्ट डायग्नॉस्टिक्सला हजारो निकाल चुकीचे असण्याची शक्यता दिसल्याने मोफत फेरतपासणी द्यावी लागली. हे प्रकरण २००९ मध्ये गाजले.

किती फरक चालतो?

अमेरिकेच्या 'सीडीसी'च्या प्रमाणपत्रासाठी सरासरी चूक ५ टक्क्यांच्या आत आणि निकालांतील चढउतार १० टक्क्यांपर्यंत असावा लागतो. आता साधे गणित पाहू. खरी पातळी २० आणि चढउतार १० टक्के असेल, तर १०० पैकी सुमारे ९५ निकाल १६ ते २४ दरम्यान येतील. म्हणजे १८ आणि २३ हे दोन्ही त्यातच बसतात.

सीमारेषाही पक्की नाही

२० च्या खाली कमतरता, ३० पासून पुरेसे, ही विभागणी अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये दिली होती. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत संस्थेने ती कायम ठेवली नाही. निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको, असेही सुचवले.

तपासणी करताना काय पाहावे?

- डॉक्टरांनी पुन्हा तपासायला सांगितले, तर शक्यतो तीच लॅब आणि तीच पद्धत निवडा.
- एकक पाहा. २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजेच ५० नॅनोमोल प्रति लिटर.
- केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे आकडा फुगतो.
- ऋतू लक्षात घ्या. ऊन कमी मिळालेल्या महिन्यांनंतर पातळी घसरू शकते.

सीमारेषेजवळचा एक आकडा पाहून ६० हजार युनिटची पाकिटे स्वतःहून सुरू करू नका. अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रिपोर्टवरचा आकडा हा अंदाज असतो. तुमची लक्षणे, वय आणि इतर आजार यांच्याशी तो जोडून पाहणे हे डॉक्टरांचे काम आहे.