घशाला झोंबतं ते ताजं तेल

दुकानात ऑलिव्ह तेलाच्या तीन बाटल्या शेजारीशेजारी असतात. एकीवर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’, दुसरीवर ‘एक्स्ट्रा लाइट’, तिसरीवर ‘पोमेस’. नावं सारखीच भारदस्त, दर मात्र वेगवेगळे. हा फरक कुठून येतो ते बघायचं, तर इटलीतल्या टस्कनीत, एखाद्या कुटुंबाच्या छोट्या बागेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात जायला हवं. तेव्हा तिथे फळं उतरवायची घाई असते.

झाडं बहुतेक फ्रान्तोयो, लेच्चीनो आणि मोरायोलो या जातींची. एकाच बुंध्यातून तीन-चार खोडं फुटलेली दिसली, तर समजावं की जानेवारी 1985 मधली थंडी या झाडाने सोसली आहे. त्या कडाक्यात टस्कनीतली बहुतेक झाडं वरून करपली. शेतकऱ्यांनी ती जमिनीलगत कापली आणि खालून फुटलेले धुमारे वाढवले.

फळ कधी तोडायचं, हा पहिला निर्णय. पिकत जाईल तसं फळात तेल वाढतं, पण कडवटपणा, झणका आणि हिरवा वास कमी होत जातो. म्हणून चांगल्या तेलासाठी बागवाले फळ अर्धं हिरवं, अर्धं जांभळं असतानाच उतरवतात, आणि कमी उतारा सोसतात. 100 किलो फळांतून साधारण 12 ते 16 किलो तेल निघतं. किमतीचं निम्मं कोडं इथेच सुटतं.

उतरवायची पद्धत साधी. झाडाखाली जाळी अंथरायची आणि बॅटरीवर चालणारा लांब दांड्याचा फणा फांद्यांतून फिरवायचा. आधीच गळून पडलेली फळं मात्र उचलायची नाहीत. ऑलिव्ह माशीची अळी गर पोखरते, तीही फळं बाजूला जातात. 2014 साली या माशीने इटलीत इतका धुमाकूळ घातला की टस्कनीतल्या काही बागवाल्यांनी त्या वर्षी तेलच काढलं नाही.

आता खरी परीक्षा, आणि बहुतेक तेलं बिघडतात ती इथेच. तोडलेलं फळ पोत्यात भरलं की तळातली फळं दबतात, रस सुटतो, आतून ऊब धरते आणि फळ आंबायला लागतं. त्या फळाच्या तेलाला कोंदट, आंबूस वास येतो आणि पुढे कोणतीही गाळणी तो काढू शकत नाही. म्हणून फळं भोकं असलेल्या उथळ क्रेटमध्ये ठेवतात आणि शक्यतो त्याच दिवशी गिरणीत नेतात. छोट्या बागेकडे स्वतःची गिरणी सहसा नसते. गावच्या गिरणीत आधी वेळ ठरवून घ्यावी लागते आणि त्या वेळेच्या हिशेबानेच तोडणी करायची असते.

गिरणीत पाला उडवून फळं धुतात आणि बियांसकट ठेचतात. बी काढत बसत नाहीत. होतो तो जांभळट हिरवा, दाट लगदा.

हा लगदा बंद टाकीत संथपणे ढवळतात. ताक घुसळताना लोण्याचे कण जसे एकमेकांना चिकटून गोळा होतात, तसे इथे तेलाचे सूक्ष्म थेंब एकत्र येतात. याला अर्धा तास, फार तर थोडा अधिक वेळ लागतो. लगदा गरम केला तर तेल जास्त सुटतं, पण वास उडतो. लेबलवर ‘कोल्ड एक्स्ट्रॅक्शन’ लिहायचं असेल, तर युरोपच्या नियमांप्रमाणे तापमान 27 अंशांच्या आत राहावं लागतं.

पुढे लगदा वेगाने गरगरणाऱ्या यंत्रात जातो. वजनाच्या फरकामुळे तेल, पाणी आणि चोथा वेगळे होतात. त्या चोथ्यात थोडं तेल उरतं. ते रासायनिक द्रावणाने काढून, शुद्धीकरण करून आणि थोडं व्हर्जिन तेल मिसळून जे विकतात ते पोमेस. ‘एक्स्ट्रा लाइट’ हे मुख्यतः शुद्धीकरण केलेलं ऑलिव्ह तेल. त्यातला ‘लाइट’ चवीला आणि रंगाला उद्देशून आहे. कॅलरी तेवढ्याच.

एक्स्ट्रा व्हर्जिन ठरायला दोन कसोट्या लागतात. पहिली प्रयोगशाळेतली : मोकळी आम्लता, म्हणजे फळ खराब झाल्याने तेलातून सुटी झालेली आम्लं, 0.8 टक्क्यांच्या वर नको. हे जिभेला कळत नाही. दुसरी कसोटी प्रशिक्षित परीक्षकांची. तेलाच्या रंगाने मन कलुषित होऊ नये म्हणून ते निळ्या काचेच्या छोट्या पेल्यातून चाखतात. खवट, कुबट, आंबट असा एकही दोष ठरला की ते तेल एक्स्ट्रा व्हर्जिन राहत नाही.

ताजं तेल चमचाभर घोटून बघा. आधी कापलेल्या गवताचा वास, मग कडवटपणा, आणि गिळल्यावर घशाला ठसका. आपल्याकडे पुष्कळ जण इथेच म्हणतात, ‘तेल खराब निघालं.’ उलट आहे. हा ठसका ओलिओकँथल या नैसर्गिक घटकाचा. 2005 साली ‘नेचर’मध्ये संशोधकांनी दाखवलं की तो दाह कमी करण्यात आयब्युप्रोफेनसारखा वागतो. अर्थात चमचाभर तेल म्हणजे गोळी नव्हे.

नव्या तेलातला गर आणि पाणी गाळून काढलेलं बरं. गढूळ तेल दिसायला अस्सल वाटतं, पण तळाचा गाळ काही महिन्यांत कुजट वास धरतो.

बाटली घेताना गडद काच बघावी, कारण उजेडात हिरवं तेल लवकर खवट होतं. तोडणीचा हंगाम छापला असेल तर उत्तम. नुसत्या ‘बेस्ट बिफोर’वरून फळ कधीचं ते कळत नाही. हे तेल मुरून सुधारत नाही, म्हणून मोठा डबा स्वस्त पडला तरी छोटी बाटली घ्यावी, गॅसपासून लांब ठेवावी आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावी.

फोडणीत घातलं तर काही अपाय नाही, पण ज्या वासासाठी पैसे मोजले तो धुरात जातो. माझ्या मते फोडणीला शेंगदाण्याचं तेलच बरं, हे वरून घ्यावं : टोमॅटोच्या फोडींवर, उकडलेल्या राजम्यावर, भाजलेल्या पावावर. आणि फ्रिजमध्ये गोठलं म्हणजे तेल शुद्ध, या परीक्षेवर जाऊ नका. गोठणं फळाच्या जातीवरही अवलंबून असतं, आणि भेसळीचं तेलही गोठू शकतं.