बंदिस्त डाव आणि बुद्धिबळाची यंत्रे

बुद्धिबळाच्या पटावर मधली प्यादी एकमेकांसमोर अडून बसली की स्थिती बंदिस्त होते. मारामारी थांबते. कोणते प्यादे रेटून कोंडी फोडायची, यावर डाव ठरतो. संगणक-प्रोग्रॅम वर्षानुवर्षे नेमके इथेच चाचपडत राहिले.

नोव्हेंबर 2003 मध्ये न्यूयॉर्कला माजी विश्वविजेता गॅरी कास्पारोव्ह आणि एक्स-थ्रीडी फ्रिट्झ हा प्रोग्रॅम यांच्यात झालेल्या सामन्याचा तिसरा डाव याचा नमुना आहे. पांढऱ्या बाजूने कास्पारोव्हने वजिराकडची प्यादी पुढे नेऊन पट जखडून टाकला. काळ्याने राजाकडचे एफ-प्यादे पुढे ढकलायला हवे होते. फ्रिट्झने चौदाव्या चालीला उंट पुढे काढला आणि पंधराव्या चालीला तोच मागे घेतला. पंचेचाळिसाव्या चालीला डाव संपला, तेव्हाही ते प्यादे आपल्या घरातून हललेले नव्हते. दरम्यान पांढऱ्याचा राजा सावकाश पटाच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. हा डाव कास्पारोव्हने जिंकला. सामना 2–2 असा बरोबरीत सुटला.

या चाचपडण्याचे कारण यंत्राच्या घडणीतच आहे. प्रोग्रॅम काही चाली पुढपर्यंतच्या शक्यता तपासतो आणि शेवटच्या स्थितीला गुण देतो. फळ पंधरा-वीस चालींनी येणार असेल, तर ते त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर राहते. मग सगळ्याच चालींना जवळपास सारखे गुण मिळतात आणि मोहरे निष्कारण मागेपुढे होतात.

यावर उपाय म्हणजे ज्ञान: प्याद्यांची साखळी कुठे तोडावी, कोणता उंट कोंडला आहे. पण गुण देताना असा प्रत्येक विचार वेळ खातो आणि शोध उथळ होतो. 1950 मध्ये गणितज्ञ क्लॉड शॅननने सगळ्या चाली तपासायच्या की निवडक, हा पेच मांडला होता. 1997 मध्ये कास्पारोव्हला हरवणारा संगणक डीप ब्लू सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासत असे. ज्ञानाचा वेळ वाचावा म्हणून त्याचे गुणांकन खास चिपांवर बसवलेले होते. 2017 मध्ये अल्फाझीरो या प्रोग्रॅमने उलटी वाट धरली: गुण देण्याचे काम स्वतःशी खेळून शिकलेल्या न्यूरल नेटवर्ककडे सोपवले. सेकंदाला सुमारे 80 हजार स्थिती पाहून त्याने सुमारे 7 कोटी पाहणाऱ्या स्टॉकफिश या प्रोग्रॅमला हरवले.

2020 मध्ये स्टॉकफिशनेही न्यूरल नेटवर्क स्वीकारले. मोहरे हलले की त्याच्या पहिल्या थरातला बदललेला भागच नव्याने मोजला जातो. त्यामुळे ज्ञान स्वस्त झाले. वेग घटला, ताकद वाढली. तरीही पूर्ण कोंडलेल्या, बरोबरीच्या पटावर यंत्र आजही कधीकधी एका बाजूला भरघोस गुण देते.