पायताणाचे टिचबटण

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सोयाबीनचा प्लॉट पाहायला गेलो होतो. रात्री पाऊस होऊन गेलेला, जमीन काळी आणि भारी. बांधावरून खाली उतरलो आणि दहा पावलांतच उजव्या पायातली सँडल चिखलात रुतून बसली, पाय तेवढा वर आला. पट्ट्याचे टिचबटण उघडले होते. एका पायावर उभा राहून मी सँडल उपसतो आहे हे पाहून बांधावर बसलेल्या आजी हसल्या. म्हणाल्या, "सायेब, बटनाचं पायतान सडकंवर बरं. रानात आपली वहानच खरी."

माझे हसे झाले त्याचे काही वाटले नाही. पण बोलता बोलता आजींनी आपला पाय पुढे केला. घोट्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला पट्टी बांधलेली. त्यांना साखरेचा आजार, पायांना बधिरपणा आलेला. मुलाने आठवडी बाजारातून हौसेने टिचबटणाची सँडल आणून दिली होती. बटणाच्या आतल्या बाजूचे रिबीट अस्तर झिजवून वर आले, रोज पायाला घासत राहिले, आणि आजींना त्याचा पत्ताच नाही. सुनेला सँडलमध्ये रक्ताचा डाग दिसला तेव्हा घरात कळले. त्यानंतर दीड महिना दवाखान्याच्या खेपा झाल्या.

वाचकहो, मी शेतीचा पदवीधर. पायताण हा काही माझा विषय नव्हे. पण ज्या बटणाने माझी सँडल सोडली आणि आजींचा पाय धरला, ते आहे तरी काय हे पाहावेसे वाटले. आजींची जुनी सँडल मागून घेतली, माझी बरोबर घेतली आणि तालुक्याच्या गावी ओळखीच्या चर्मकार कारागिरांकडे जाऊन बसलो. त्यांनी पक्कड लावून दोन्ही बटणे उकलली. त्या दिवशी आणि नंतर जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो. घरात पोरांच्या सँडलला, शाळेच्या बुटाला हे बटण असतेच.

टिचबटण म्हणजे एक वस्तू नव्हे, चार तुकडे. वरच्या पट्ट्याला बाहेरून दिसते ती टोपी. तिच्या खाली, पट्ट्याच्या आतल्या अंगाला वाटी. सँडलच्या बाजूला वर आलेले बोंड. आणि त्या बोंडाला मागून धरून ठेवणारी नळी, जिला आपण रिबीट म्हणतो. टोपीची दांडी वाटीत ठोकून पसरवतात, नळीचे तोंड बोंडात ठोकून पसरवतात. मधे चामडे दाबले जाते. ही नळी पायाच्या बाजूला येते, हे नीट लक्षात ठेवा. आजींना लागली ती हीच.

सगळी करामत वाटीत आहे. वाटीच्या आत बारीक तारेची स्प्रिंग बसवलेली असते. बोंडाचे डोके जाड आणि मान बारीक. डोके आत दाबले की स्प्रिंग क्षणभर फाकते, डोके पलीकडे गेले की मानेभोवती मिटते. तोच तो 'टिच्' आवाज. ही स्प्रिंग दोन तऱ्हेची मिळते. एकीत तारेचे एकच तुटक कडे असते. दुसरीत इंग्रजी 'एस' अक्षरासारख्या वळलेल्या दोन तारा समोरासमोर असतात. कड्याची स्प्रिंग ताठ, जाड चामड्याला आणि ताडपत्रीला शोभणारी. एसची नरम, कपड्याला बरी. माझ्या सँडलला एसची स्प्रिंग निघाली! सदऱ्याचे बटण चिखलात चालवल्यावर दुसरे काय होणार?

आता थोडा इतिहास सांगतो, कारण तो गमतीचा आहे. जर्मनीतल्या हेरिबर्ट बाऊअर यांनी १८८५ साली या तऱ्हेच्या बटणाचे पेटंट घेतले, ते पुरुषांच्या विजारीसाठी. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या ग्रनोबल गावच्या आल्बेर-पिएर रेमंड यांनी आपले बटण काढले. ते गाव हातमोज्यांच्या धंद्याचे. १९०३ साली जर्मनीत हान्स प्रिम यांनी त्यात स्प्रिंग घालून बटणाची पकड सुधारली. म्हणजे जन्मापासून हे बटण कापडाचे आणि हातमोज्याचे. पायाच्या धक्क्यासाठी ते कोणी घडवले नव्हते. उलट ज्याला आपण 'चेन' म्हणतो तिचा पूर्वज अमेरिकेत व्हिटकोंब जडसन यांनी १८९३ साली पेटंट केला, तो बुटांसाठी. विजारीचे बटण पायात आले आणि बुटाची चेन विजारीला गेली.

म्हणून टिचबटण पायताणाला लावायचेच नाही का? तसे नाही. ते कुठे आणि कसे लावावे, एवढाच प्रश्न आहे.

घरातले एखादे टिचबटण लावा आणि पट्टा पृष्ठभागाला समांतर, सरळ ओढून पाहा. दोर ओढावा तसे ओढलेत तरी सहज सुटत नाही, कारण ओढ बोंडाच्या मानेवर येते, स्प्रिंगवर नाही. आता त्याच पट्ट्याचे टोक नखाने वर उचला. पोरही उघडेल. एका बाजूने उचलले की स्प्रिंगची एकच बाजू आधी फाकते आणि बाकीची मागोमाग येते. आडव्या ओढीला भीम, उचलीला कापूस, असा याचा स्वभाव.

पावलाचा बाहेरचा अंग घोट्याच्या खाली बराचसा सपाट असतो. तिथे पट्ट्यावर पट्टा चांगला दोन बोटे चढवून मधे बटण बसवले, तर चालताना येणारी ओढ आडवी येते आणि बटण टिकते. तेच बटण टाचेच्या मागे किंवा पावलाच्या उंचवट्यावर, वळणात बसवले, तर प्रत्येक पावलाला पट्टा वाकतो आणि बटणाला उचल लागते. माझ्या सँडलला ते बरोबर वळणावर होते. चिखलाने तळ धरला, पायाने वर ओढ दिली, पट्टा वाकला आणि बटणाने हात टेकले. कारागीर म्हणाले, "साहेब, दिसायला तिथंच छान दिसतं. म्हणून कारखानेवाले तिथंच लावतात."

पट्ट्याचे मोकळे टोकही पाहा. ते मागे, टाचेकडे वळलेले हवे. पुढे तोंड करून असले तर गवत, तूर-कपाशीच्या पऱ्हाट्या, बाभळीची डहाळी त्यात शिरून पट्टा उचलतात. काही जुन्या जीपगाड्यांच्या ताडपत्रीला वेगळीच बटणे असत. ती तीन बाजूंनी पक्की धरतात आणि एकाच बाजूने उचलली तर सुटतात. वाऱ्याने ताडपत्री फडफडली तरी उघडत नाहीत. पायताणाला तसे बटण बसवले तर फार बरे होईल असे मला वाटते. आपल्या बाजारात मात्र माझ्या पाहण्यात आलेले नाही.

धातूकडेही लक्ष द्या. आपल्या देशी वहाणेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते. जुन्या लोकांना आठवत असेल, हिरडा आणि हिराकस मिळून काळी शाई होते. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. लोखंडी बटणावरचा चकचकीत मुलामा उडाला आणि चामडे ओले झाले, की तीच शाई बटणाभोवती तयार होते. काळे कडे पडते, गंज चढतो, चामडे ठिसूळ होऊन भोक मोठे होते आणि एके दिवशी बटण चामड्याचा तुकडा घेऊनच निघून येते. पितळेचे बटण गंजत नाही. त्याच्याभोवती चामड्यातल्या तेलामुळे हिरवा मेणचट थर जमतो, तो फडक्याने पुसला की झाले. ओळखायचे कसे? पोरांच्या खेळण्यातला लोहचुंबक बरोबर न्या. टोपीला चिकटला तर आत लोखंड आहे. दुकानदार तुमच्याकडे बघेल, बघू द्या.

टोपीच्या मापाला कारागीर 'लाईन' म्हणतात. ४० लाईनींचा एक इंच. म्हणजे २४ लाईनीचे बटण साधारण १५ मिलिमीटरचे. पट्ट्याला तेवढे तरी असावे. भोक नळीला घट्ट बसेल इतकेच पाडावे आणि पट्ट्याच्या काठाला अगदी लागून नको. पातळ चामड्यामागे दुसरा थर घालून मगच ठोकावे. नळीची लांबी चामड्याच्या जाडीला जुळली पाहिजे. लांब असली तर ठोकताना वाकते, आखूड असली तर पसरत नाही आणि चार दिवसांत सुटते. आजींच्या सँडलची नळी लांब होती. ती वाकडी पसरली होती, तिची एक कड ब्लेडसारखी उभी होती आणि तिच्यावर होते कागदासारखे अस्तर.

म्हणून दुकानात सँडल हातात घेतल्यावर आधी आत बोट घाला. बटणाच्या मागची जागा चाचपा. टणक उंचवटा लागला तर ती जोडी पोरालाही नको. पुष्कळ सँडलना वर बक्कल दिसते आणि खाली टिचबटण असते. बक्कल शोभेचे. ते हलवून पाहा. खरे बक्कल असेल तर पट्ट्याला भोके असतात, आणि संध्याकाळी पाय सुजला किंवा पट्टा ताणला तर एक भोक मागेपुढे करता येते. टिचबटणाला ती सोय नाही. निदान दोन बोंडे तरी असावीत.

इतके दोष सांगितले, आता गुण सांगतो. ज्या गावांत रात्रीच्या पाळीला वीज येते, तिथे अंधारात उठून मोटार चालू करायला जावे लागते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. दंश बहुधा पावलाला आणि पोटरीलाच होतो. रात्री झोपेतून उठलेला माणूस अंधारात बक्कलाचे भोक शोधत बसत नाही, तो तसाच अनवाणी निघतो. नाडीच्या बुटाचीही तीच गत. टिचबटणाचा बूट मात्र डोळे मिटून घालता येतो, आणि लागला की नाही हे कान सांगतो. 'टिच्' ऐकू आले नाही तर वाटीत माती आहे असे समजा. रात्रीसाठी घोट्याच्या वर जाणारा, जाड चामड्याचा, कड्याच्या स्प्रिंगची दोन बटणे असलेला बूट दाराशी ठेवावा. घालण्यापूर्वी तो उलटा करून झटकावा, कारण आत विंचू बसतो. हातात बॅटरी हवीच. फवारणीला मात्र हा बूट नको, चामडे औषध पिते. तिथे रबरी गमबूट घालावा आणि विजारीची बाटी बुटाच्या बाहेरून सोडावी.

वाटीतली माती काडीने काढून पाण्याने धुवा आणि सुकवा. महिन्यातून एकदा बोंडावर मेणबत्ती घासा. गोडे तेल लावू नका, त्यावर धूळ बसते. बटण सैल झाले तर बोंडाच्या डोक्यावर हातोडीची अगदी हलकी टिचकी द्यावी, डोके किंचित पसरते. जोरात दिलीत तर मग उघडायला पक्कड लागेल. स्प्रिंगच मेली असेल तर वाटी बदलून घ्यावी, पायताण टाकून देऊ नये.

साखरेच्या आजाराने किंवा कुष्ठरोगाने ज्यांचा पाय बधिर झाला आहे, त्यांच्या पायताणाला टिचबटण, खिळा, रिबीट यांतले काहीच नको. पट्टे शिवलेले किंवा चिकटवलेले हवेत. आत मऊ, बारीक छिद्रांच्या रबराचा तळ घालतात. त्याला एमसीआर म्हणतात, आणि मोठ्या दवाखान्यांत त्याची चौकशी करता येते. पट्टा रुंद असावा आणि बंद करायला चिकटपट्टी, म्हणजे वेल्क्रो. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांनी १९४१ साली कुत्र्याच्या केसांत अडकलेली तणाची बोंडे पाहिली आणि त्यावरून ही युक्ती काढली. आपल्याकडच्या शंकेश्वराची बोंडे धोतराला चिकटतात, तसाच तो प्रकार. त्या बोंडावरचे आकडे भिंगातून मी कॉलेजात असताना पाहिले होते. पण त्यावरून पायताणाचा बंद निघेल हे काही सुचले नाही.

कारागिरांनी आजींच्या सँडलची दोन्ही रिबिटे काढून टाकली, नवा रुंद पट्टा शिवला, आत मऊ थर घातला आणि चिकटपट्टी लावून दिली. परवा त्यांच्या गावी गेलो तेव्हा आजी ओसरीवर सँडल मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि जुन्या फणीने चिकटपट्टीतली कुसळे विंचरत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "सायेब, ह्याला बी रानातलं समदं चिकटतंय बगा." पायावर पट्टी नव्हती. रोज रात्री सून दोन्ही पाय दिव्यापाशी धरून पाहते, तेही त्यांनी सांगितले.