न बोलणाऱ्या रोगांची मोजणी

सुरत आणि रोग हे शब्द एकत्र आले की १९९४ च्या सप्टेंबरातील प्लेग आठवतो. खानदेशातून पोटासाठी तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांनीही त्याचा धसका घेतला होता. प्लेग गाजावाजा करीत येतो. लैंगिक संसर्गाने होणारे रोग मात्र गुपचूप राहतात, म्हणून त्यांची मोजणी मुद्दाम करावी लागते.

अशी एक मोजणी सुरतेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी केली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. देहविक्रयाच्या वस्तीतील ११८ स्त्रियांपैकी २२.७ टक्के स्त्रियांत उपदंश, १६.९ टक्के स्त्रियांत परमा आणि ४३.२ टक्के स्त्रियांत एच.आय.व्ही. आढळला. नवल असे की, आपण नेहमी निरोधचा आग्रह धरतो, असे बहुतेक जणींनी सांगितले होते. त्या खोटे बोलल्या, असे म्हणण्याची घाई मात्र करू नये. एच.आय.व्ही. एकदा शिरला की जन्मभर राहतो. उपदंशाच्या एका चाचणीत बरा झालेला जुना रोगही दिसत राहतो. परमा औषधाने जातो. तो सापडला म्हणजे संसर्ग बहुधा अलीकडचा. आकडे एका ओळीत छापले तरी ते एकाच काळाचे नसतात.

याहून चिंतेची गोष्ट निराळीच आहे. यांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांना तपासणीच्या वेळी कसलेच लक्षण जाणवत नव्हते. प्रयोगशाळा नसेल तेथे लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत गरीब देशांना परवडते खरी; पण जिची तक्रारच नाही, तिला औषध मिळणार कसे? तिने आपण होऊन नियमित तपासणीस यायला हवे. आपले नाव पोलिसांपर्यंत जाईल, अशी शंका आली तर ती येत नाही. नाव काढून टाकून नमुने तपासण्याची रीत यासाठीच पडली. त्यातून रोगाचा फैलाव कळतो; मात्र नमुना कोणाचा हे ठाऊक नसल्याने त्यावरून उपचार करता येत नाहीत. मोजणी आणि दवाखाना, दोन्ही लागतात.

आणि दोन्हींना एक ठिकाण लागते. २००३ मध्येच पोलिसी कारवाईने सुरतेच्या चकला बाजारातील ही वस्ती मोडली. स्त्रियांची बाजू घेऊन दाखल झालेली याचिका २००४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने फेटाळली. वस्ती उठली, म्हणून रोग उठत नाही. ज्या स्त्रियांपर्यंत एका गल्लीत चालत जाऊन पोहोचता येत होते, त्यांना आता शहरभर शोधणे आले.