कीटकनाशकाच्या बाटलीमागील कायदा

१९५८ साली केरळात गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ते पीठ कुजलेले नव्हते, किंवा कोणी त्यात हेतुपुरस्सर विष कालविलेले नव्हते. ज्या जहाजातून धान्याचा माल आला, त्याच जहाजातून पॅराथिऑन ह्या अतिजहाल कीटकनाशकाचाही माल आला होता. त्याची गळती होऊन विष खाद्यपदार्थांत उतरले. ह्या प्रकरणाच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा ह्यांचा आयोग नेमला. केवळ कीटकनाशकांची आयात, वाहतूक व विक्री ह्यांचे नियमन करील असा देशव्यापी कायदा त्या वेळी अस्तित्वात नव्हता. तो २ सप्टेंबर १९६८ रोजी झाला, आणि त्याखालील नियम १९७१ साली आले. दुर्घटना आणि नियम ह्यांमध्ये तेरा वर्षे गेली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खेड्यापाड्यांतून कीटकनाशकाला सर्रास 'औषध' म्हणतात. हा शब्द सोयीचा खरा. परंतु त्यामुळे वस्तूचे मूळ स्वरूप झाकले जाते. पिकाला औषध वाटणारी ही वस्तू किडीला, जनावराला आणि माणसाला विषच असते. शिवाय तिची पारख घरी करता येत नाही. बियाणे ओल्या गोणपाटात ठेवून त्याची उगवण किती होते हे शेतकरी स्वतः पाहू शकतो. परंतु बाटलीतील द्रवात विषारी घटक छापल्याप्रमाणे आहे की निम्माच आहे, हे रंगावरून वा वासावरून कोणासही सांगता येणार नाही. जी पारख ग्राहक करू शकत नाही, ती त्याच्या वतीने सरकारने करावी, ह्या तत्त्वावर हा कायदा उभा आहे.

पहिली पारख माल दुकानात येण्याच्या कितीतरी आधी होते. केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंद झाल्यावाचून कोणतेही कीटकनाशक देशात तयार करता येत नाही किंवा बाहेरून आणता येत नाही. त्याचा उपयोग खरोखर होतो काय, आणि माणसास व जनावरास ते कितपत सुरक्षित आहे, हे पाहूनच समिती नोंदणी देते. ही नोंदणी ठराविक पिकासाठी व ठराविक किडीसाठी असते. कपाशीवरील किडीसाठी नोंदलेले औषध वांग्यावर चालेलच असे मानणे चूक आहे. एकदा दिलेली मान्यता कायमची नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ साली बंद झाला. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ साली मनाई झाली. एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची फोरेट व डायक्लोरव्हॉस ही औषधे २०२० च्या अखेरीस बंद झाली. ह्यांपैकी एखादी जुनी बाटली घराच्या माळ्यावर पडून असेल, तर ती वापरण्याचा मोह टाळावा.

विक्रीचा परवाना राज्य शासन देते आणि दुकानांची तपासणी कीटकनाशक निरीक्षक करतो. त्याच्या कामात सर्वांत महत्त्वाचा भाग नमुना घेण्याचा होय. हा नमुना कसा घेतात हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्यामुळे निरीक्षकाने 'काहीतरी बाटल्या नेल्या' एवढीच गावात चर्चा होते. वास्तविक निरीक्षकाला नमुना घेण्याचा हेतू दुकानदारास लेखी कळवावा लागतो. त्याच्यासमक्ष नमुन्याचे तीन भाग करून त्यांवर मोहोर लावली जाते. दुकानदारास वाटल्यास तो आपलीही मोहोर लावू शकतो. लहान बाटल्यांचा माल असेल तर तशा तीन बाटल्या घेतात. एक भाग दुकानदाराकडे राहतो, दुसरा विश्लेषकाकडे जातो, तिसरा न्यायालयासाठी राखून ठेवतात. विश्लेषकाच्या अहवालाबद्दल वाद उत्पन्न झाल्यास न्यायालय आपल्याकडील भाग केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठविते आणि तिचा निर्णय अखेरचा मानला जातो. प्रामाणिक दुकानदारावर खोटा आळ येऊ नये आणि लबाडास 'नमुना बदलला' अशी सबब सांगता येऊ नये, ह्या दोन्ही गोष्टी ह्या तीन भागांनी साधतात.

एवढी व्यवस्था असूनही ती एका कागदावाचून लंगडी पडते. तो कागद म्हणजे पक्की पावती. कीटकनाशकाची प्रत्येक विक्री पावतीनेच झाली पाहिजे असा नियम आहे. तरी प्रत्यक्षात उधारीवर माल नेणारा शेतकरी ती मागण्यास संकोचतो आणि दुकानदार आपण होऊन देत नाही. हा संकोच महागात पडतो. पीक हातचे गेल्यावर शेतकरी कार्यालयात येतो तेव्हा त्याच्यापाशी रिकामी बाटली असते. पण ती कोणत्या दुकानातली हे सिद्ध करणारे काहीच नसते. पावतीवर औषधाचे नाव, गट क्रमांक व अंतिम मुदत लिहिलेली असावी. गट क्रमांक असला की त्याच गटाचा माल आणखी कोठे कोठे गेला ह्याचा शोध घेता येतो आणि इतर गावांतील विक्री वेळीच थांबविता येते. सुट्या किंवा फोडलेल्या डब्यातील औषध तर कोणत्याही किमतीस घेऊ नये. दुकानदाराचेही हित ह्यातच आहे. परवानाधारकाकडून आणलेला, नीट साठविलेला व मूळ स्थितीत विकलेला माल अप्रमाणित ठरला, आणि त्यातील दोष आपणास कळणे शक्य नव्हते हे त्याने दाखविले, तर कायदा त्यास संरक्षण देतो. बाटली फोडून विकणाऱ्यास ते मिळत नाही.

ह्या कायद्याने गुन्हेगारास शिक्षा होते, शेतकऱ्याचे नुकसान मात्र भरून निघत नाही. भरपाईसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. पिकासाठी खरेदी करणारा शेतकरी हा ग्राहकच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाण्यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेथेही पहिला प्रश्न पावतीचाच विचारला जातो.

तथापि कायदा सर्व काही करू शकत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. दाट पिकातून चालताना फवारा तोंडावर व अंगावर येई. अंगावर साधे कपडे असत आणि एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळली जात. त्यानंतर शासनाने विदर्भातील काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री साठ दिवसांपुरती बंद केली. असा अधिकार कायद्याने दिलेला आहे; पण तो वापरला जातो तो बहुधा माणसे आजारी पडल्यानंतर. म्हणून विषबाधेची वार्ता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने त्याच दिवशी वर कळविणे अत्यंत आवश्यक आहे. एका गावातील दोन रुग्ण ही घटना किरकोळ समजू नये.

प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातील रंग विषाची तीव्रता दाखवितो. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व हिरवा. लाल रंगाच्या वर कवटी व हाडांचे चिन्ह असते. हिरवा म्हणजे निर्धोक, असा मात्र अर्थ नाही. डब्यासोबतच्या पत्रकावर विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार व उतारा दिलेला असतो. परंतु अक्षर इतके बारीक असते की ते वाचण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. हंगामापूर्वी कार्यकर्त्याने एखाद्या संध्याकाळी मजुरांना एकत्र जमवून ते मोठ्याने वाचून दाखवावे. फवारणी करणाऱ्यास मळमळ, घाम, अंधुक दिसणे असा त्रास सुरू होताच काम थांबवून त्याचे कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे व त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. नेताना ती बाटली व पत्रक बरोबर घ्यावे. कोणते विष अंगात गेले हे कळल्यावाचून डॉक्टरास योग्य उतारा देता येत नाही.