भाषा बदलणारी कळ

मराठी लिहिता लिहिता मध्येच अर्धी ओळ रोमन अक्षरांत उमटते, हा अनुभव अनेकांना येतो. याचं नेहमीचं कारण म्हणजे विंडोजमध्ये डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली की भाषा बदलते. या शेजारच्या कळांवर बोटं सहज पडतात.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधलं 'टाइम अँड लँग्वेज' उघडा, त्यात 'टायपिंग', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' आणि तिथे 'इनपुट लँग्वेज हॉट कीज'. उघडलेल्या चौकटीत 'चेंज की सीक्वेन्स' दाबून दोन्ही रकान्यांत 'नॉट असाइन्ड' निवडा. विंडोज कळ आणि स्पेसबार ही जोडी तरीही चालू राहते. मला तीच भरवशाची वाटते, कारण ती सहसा चुकून दाबली जात नाही आणि भाषांची यादीही पडद्यावर दिसते.

त्याच 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याची सोय आहे. तिथे टिचकी मारून खूण केली की लेखाची खिडकी मराठीत राहते आणि ईमेलची इंग्रजीत. मराठी लिहिणाऱ्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

यादीत न वापरलेले कळफलक असतील तर तेही आजच काढून टाका. दोनच उरले की एका दाबात हवी ती भाषा येते.