विज्ञानाची वार्ता आणि तिचा कस

रायपूर शहराच्या जुन्या वस्तीत सदर बाजार नावाची पेठ आहे. सोन्याचांदीच्या व्यापाराबद्दल ती छत्तीसगडात सर्वांना परिचित आहे. अशा पेठांतून सोन्याचा कस पाहण्याची एक जुनी रीत चालत आलेली आहे. काळ्या, बारीक कणांच्या, गुळगुळीत दगडावर दागिना घासला असता सोन्याची रेघ उमटते. तिच्या शेजारी, ज्याचा कस आधीच ठाऊक आहे अशा सोन्याच्या सळईची दुसरी रेघ ओढावयाची आणि दोहींवर तेजाबाचा थेंब सोडावयाचा. तेजाबात तांबे विरघळते, चांदीही विरघळते. सोने विरघळत नाही. म्हणून हिणकस सोन्याची रेघ फिकी पडते आणि चोख सोन्याची टिकून राहते. हा दगड म्हणजेच कसोटी. ‘कसास उतरणे’, ‘बावनकशी’ हे आपल्या नित्याच्या बोलण्यातील शब्द याच परीक्षेने दिलेले आहेत.

या साध्या परीक्षेत शास्त्रीय पद्धतीची तीन अंगे दिसून येतात. निष्कर्ष तुलनेने काढलेला असतो. तो कोणत्या रीतीने काढला हे उघड असते. आणि ती तुलना ग्राहकाच्या डोळ्यांदेखत होते. आता कसोटीच्या जोडीस प्रयोगशाळाही आली आहे. भारतीय मानक ब्यूरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्कची योजना २००० साली सुरू केली. जून २०२१ पासून ती प्रथम २५६ जिल्ह्यांत बंधनकारक झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून अशा दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळखखूण असणे आवश्यक ठरले. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. चोवीस भागांपैकी बावीस भाग सोने, म्हणजेच हजार भागांत ९१६ हून किंचित अधिक, असा त्याचा अर्थ. येथे परीक्षा ग्राहकाच्या नजरेआड होते खरी. परंतु आकडा कशाचा आहे हे त्याला समजावून घेता येते, आणि ओळखखुणेवरून दागिना कोठे तपासला गेला याचा माग काढता येतो.

विज्ञानातील नव्या शोधाची वार्ता आपल्यापर्यंत पोहोचते, तेव्हा मात्र यांपैकी किती गोष्टी शाबूत राहतात? याचे एक उदाहरण याच रायपूर शहरात सापडते, आणि ते सोन्याचे नसून तांदळाचे आहे.

प्रयोगशाळेतील अर्क आणि ताटातील भात

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’, म्हणजे भाताचे कोठार, असे म्हणतात. येथील भाताच्या जातींची विविधता थक्क करणारी आहे. १९७० नंतरच्या दशकात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी रायपूर येथील भात संशोधन संस्थेत असताना खेडोपाडी फिरून भाताचे सतरा हजारांहून अधिक नमुने जमविले. पुढे हा संग्रह इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आला आणि वाढत वाढत तेवीस हजारांच्या घरात गेला. या संग्रहात गठुवन, महाराजी आणि लायचा अशा नावांच्या जाती आहेत. गठुवनाचा भात सांधेदुखीवर गुणकारी आहे, लायचाचा भात त्वचेच्या विकारावर चांगला आहे, अशी लोकांची परंपरागत समजूत आहे.

२०१८ सालच्या प्रारंभी या तीन जाती एकाएकी देशभर प्रसिद्धीस आल्या. कृषी विश्वविद्यालय आणि मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या शास्त्रज्ञांनी या तांदळांचे अर्क काढून ते मानवी कर्करोगाच्या पेशींवर वापरून पाहिले होते. फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ या अर्कांमुळे रोखली जाते आणि निरोगी पेशींवर तसा परिणाम होत नाही, असे त्यांना आढळले. लायचाचा परिणाम अधिक ठळक होता. संशोधन महत्त्वाचे होते, यात शंका नाही. ज्या जुन्या जातींकडे कोणी पाहत नव्हते, त्यांत काही उपयुक्त द्रव्ये असू शकतील, हे त्यामुळे निदर्शनास आले.

परंतु ‘कर्करोगाशी लढणारा तांदूळ’ अशा आशयाची वार्ता जेव्हा घरोघर गेली, तेव्हा वाटेत काय गळून पडले हे पाहण्यासारखे आहे. प्रयोगातील पेशी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत वाढविलेल्या होत्या. त्या कोणा रुग्णाच्या शरीरात नव्हत्या. त्यांवर शिजविलेला भात टाकला नव्हता, तर द्रावकात काढलेला अर्क टाकला होता. आपण भात खातो तेव्हा तो पोटात पचतो. त्यातील द्रव्यांचे रूप बदलते. त्यांचा थोडा अंश रक्तात येतो, आणि त्याहून थोडा एखाद्या अवयवापर्यंत पोहोचतो. अर्कातील द्रव्य तेवढ्या प्रमाणात तेथवर पोहोचते काय, हा प्रश्न बशीतील प्रयोगाने सुटत नाही. शिवाय बशीतील पेशी अनेक गोष्टींनी मरतात. आपल्या स्वयंपाकघरातील मिठाचे तीव्र द्रावणही त्यांना मारू शकते; तेवढ्यावरून मीठ हे कर्करोगाचे औषध ठरत नाही.

अशा प्रयोगानंतर संशोधनाचा मार्ग पायरीपायरीने पुढे जातो. कोणते द्रव्य परिणाम घडवून आणते हे ओळखावे लागते. मग ते प्राण्यांवर तपासावे लागते. त्यानंतर थोड्या माणसांना देऊन ते घातक नाही ना, हे पाहावे लागते. आणि शेवटी बऱ्याच रुग्णांचे दोन गट करून, एका गटास ते देऊन व दुसऱ्यास न देता, दोहोंची तुलना करावी लागते. कसोटीच्या दगडावर दोन रेघा शेजारीशेजारी ओढण्यातील तत्त्वच येथे योजिलेले असते. पहिल्या पायरीवर आशा दाखविणारी बहुसंख्य द्रव्ये शेवटच्या पायरीपर्यंत टिकत नाहीत. यात शास्त्रज्ञांचा दोष नाही. चाळणीचे काम चाळण्याचेच असते.

यात धोका कोणता? ज्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे, त्या घरात ही वार्ता वर्तमानपत्राची करमणूक म्हणून वाचली जात नाही. उपचार खर्चाचे आणि क्लेशाचे असतात. अशा वेळी तांदळाने काम भागेल अशी आशा निर्माण झाली, तर उपचारास विलंब होतो. आणि कर्करोगात गेलेले महिने परत मिळत नाहीत. दुसरी हानी सावकाश होते. तांदळाने रोग बरा झाला नाही असे अनुभवास आले म्हणजे लोक ‘शास्त्रज्ञ काय, आज एक सांगतात, उद्या दुसरे,’ असे म्हणू लागतात. जे शास्त्रज्ञांनी सांगितलेच नव्हते, त्याबद्दल त्यांच्यावर अविश्वासाचा ठपका येतो. आणि ज्या जुन्या जातींचे जतन व्हावयास हवे, त्याही या निराशेच्या धनी होतात.

क्रियापदांचे वजन

वार्ता अशी बदलते ती बहुधा कोणी खोटे बोलल्यामुळे नव्हे. मूळ निबंधात पुष्कळ अटी असतात. त्याचे संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकात रूपांतर होताना काही अटी गळतात. वृत्तसंस्था ते पत्रक संक्षिप्त करते, तेव्हा आणखी काही गळतात. मथळ्यास जागा चारपाच शब्दांची. तेथे उरलेल्याही जातात. त्यानंतर भाषांतर येते, आणि भाषांतरात गळावयाची वस्तू म्हणजे क्रियापदाची छटा.

आपल्या भाषेत या छटा व्यक्त करण्याचे सामर्थ्य भरपूर आहे. ‘आढळले’ म्हणजे या प्रयोगात, या परिस्थितीत, असे दिसले. ‘सूचित होते’ म्हणजे दिशा दिसते, निर्णय नाही. ‘शक्य आहे’ म्हणजे नाकारता येत नाही, एवढेच. ‘सिद्ध झाले’ म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हातांनी तपासूनही तेच निष्पन्न झाले. या चार शब्दांतील अंतर बावीस कॅरट आणि अठरा कॅरट यांतील अंतरापेक्षा कमी नाही. तरीही शोधाची वार्ता लिहिताना ‘आढळले’च्या जागी ‘सिद्ध झाले’ सहज लिहिले जाते आणि ‘पेशींची वाढ रोखते’ याचे ‘रोग बरा करते’ होऊन जाते. सराफाने अठरा कॅरटच्या दागिन्यावर ९१६ उमटविला तर तो गुन्हा ठरतो. वार्ता लिहिणाऱ्यास असा अडसर नाही, म्हणून त्याने स्वतःच तो पाळावयास हवा.

आकड्यांचेही तसेच आहे. समजा, एखाद्या रोगाचा धोका ‘दुप्पट’ झाला असे आपण वाचले. दहा हजार माणसांत पूर्वी एकास तो रोग होत असेल आणि आता दोघांस होत असेल, तर धोका दुप्पट झाला हे खरेच आहे. शंभरांत वीस जणांऐवजी चाळीस जणांस होऊ लागला, तरीही तो दुप्पटच. पहिल्या बातमीने घाबरण्याचे कारण नाही. दुसरीने तातडीने जागे व्हावयास हवे. म्हणून ‘किती पट’ याबरोबर ‘कितींपैकी किती’ हेही सांगितले, तरच आकडा पूर्ण होतो.

शब्द घडविणारे

विज्ञान लोकांच्या भाषेत आणण्याचे कार्य आपल्याकडे नवे नाही, आणि रायपूरच्या मराठी मंडळींचा त्यात मानाचा वाटा आहे. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे एका मराठी कुटुंबात झाला. १९०० सालच्या जानेवारीत पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे हे त्यांचे त्या कामातील सहकारी. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषेचा हिंदी कोश रचावयास घेतला, तेव्हा त्यातील अर्थशास्त्राच्या संज्ञांचा भाग सप्रे यांनी तयार केला. तो कोश १९०६ साली प्रसिद्ध झाला. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्य’ ग्रंथाचे हिंदी भाषांतरही त्यांचेच. १९२६ साली रायपूर येथेच त्यांचे निधन झाले.

मराठीत पुण्याच्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने १९२८ पासून आणि मुंबईच्या मराठी विज्ञान परिषदेने १९६६ पासून हेच व्रत चालविले. या सर्वांच्या कार्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. संज्ञेस प्रतिशब्द दिला म्हणजे विज्ञान लोकांपर्यंत पोहोचले, असे होत नाही. त्या संज्ञेमागची कृती डोळ्यांसमोर उभी करावी लागते. ‘पेशीसंवर्धन’ हा शब्द निर्दोष आहे. परंतु ‘शरीराबाहेर, बशीत, पोषक द्रवावर वाढविलेल्या पेशी’ असे एकदा सांगितल्यावाचून तो शब्द वाचकाच्या उपयोगी पडत नाही.

कृती दाखविण्याच्या या मार्गाचा आदर्श मायकेल फॅरेडे यांनी घालून दिला. ते स्वतः पुस्तके बांधण्याच्या दुकानातील उमेदवार. बांधावयास आलेली पुस्तके वाचूनच त्यांना विज्ञानाची गोडी लागली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळच्या व्याख्यानांची प्रथा १८२५ साली सुरू झाली. तेथे फॅरेडे यांनी एका साध्या मेणबत्तीवर दिलेली व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने निघाली. ज्योतीतून पाणी निर्माण होते, असे नुसते सांगून ते थांबत नसत. थंड भांडे ज्योतीवर धरून त्यावर जमणारे थेंब दाखवीत. ऐकणाऱ्या मुलास घरी जाऊन तोच प्रयोग करून पाहता येई. निष्कर्षाबरोबर निष्कर्षाची वाटही श्रोत्याच्या हाती देणे, हे त्यांच्या यशाचे रहस्य होते.

वाचकाने विचारावयाचे प्रश्न

प्रत्येक वाचकास प्रयोगशाळेत जाता येणार नाही. परंतु सदर बाजारातील ग्राहक जसा कसाची चौकशी केल्यावाचून दागिना घेत नाही, तसे विज्ञानाच्या वार्तेस काही प्रश्न विचारणे प्रत्येकास शक्य आहे. प्रयोग कशावर झाला: बशीतील पेशींवर, उंदरांवर, की माणसांवर? माणसांवर असल्यास किती जणांवर? तुलनेसाठी दुसरा गट होता काय? हाच निष्कर्ष दुसऱ्या कोणा शास्त्रज्ञांना स्वतंत्रपणे मिळाला आहे काय? संशोधन कोठे प्रसिद्ध झाले, आणि त्याचा खर्च कोणी केला? पुढची पायरी कोणती, असे शास्त्रज्ञ स्वतः सांगतात?

तांदळाच्या वार्तेस हे प्रश्न लावून पाहिले म्हणजे तिची खरी किंमत ध्यानात येते. प्रयोग पेशींवर झाला. निष्कर्ष आशादायक आहे. पुढच्या पायऱ्या चढावयाच्या आहेत. म्हणून रुग्णाने वैद्यकीय उपचार चालू ठेवावेत, शास्त्रज्ञांनी संशोधन पुढे न्यावे आणि शेतकऱ्यांनी व संस्थांनी या जातींचे बियाणे जपावे. अशा रीतीने लिहिलेली वार्ता मथळ्याइतकी चमकदार नसेल, पण ती कोणाचे नुकसान करणार नाही.

शाळांना आणि ग्रंथालयांना हा अभ्यास सहज करता येण्यासारखा आहे. आठवड्यातून एकदा एका विज्ञानवार्तेचे कात्रण फलकावर लावावे आणि तिच्या खाली वरील प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांनी त्या वार्तेतूनच शोधून लिहावीत. ज्या प्रश्नाचे उत्तर वार्तेत नसेल, तेथे ‘दिलेले नाही’ असे स्पष्ट लिहावे. काही आठवड्यांनी असे सर्व कागद एकत्र पाहिले, तर कोणत्या प्रश्नापुढे ‘दिलेले नाही’ ही नोंद सर्वांत अधिक वेळा आली हे दिसून येईल, आणि पुढील वार्ता वाचताना तो प्रश्न प्रथम विचारण्याची सवय मुलांना लागेल.